मनकर्णाबाईंचा वाडा

मनकर्णाबाई श्रीमंत झाल्याची बातमी त्यांना मीच फोनवर दिली. त्या तेव्हा माजलगावकडं, ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं चारत होत्या. आधी त्या पोटभर हसल्या.

"कावून गंमत करायलाव सर?"

मी गंमत करत नव्हतो, चिडलो होतो. मी उमापूरला शिक्षक आहे. त्यांची योगिता माझ्याकडं सातवी पास झाली. आईबाप मेंढरांमागं फिरणारे, म्हणून ती गावात छबुबाई मावशीकडं राहून शिकली. आता मावशी लेकाकडं पुण्याला निघाली होती. योगिताला बीडच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर आठवी, नाहीतर तीही मेंढरांमागं. वसतिगृह खास फिरस्त्या मेंढपाळांच्या मुलींसाठीच होतं. अर्ज मात्र नव्या ॲपवरून जायचा होता, आणि ॲप म्हणत होतं, हे कुटुंब सधन आहे, यांचा वाडा आहे.

वाडा होताच. मेंढपाळाचा वाडा म्हणजे रानातला मुक्काम. मेंढरांभोवती लावलेलं जाळं, बाजूला पाल, तीन दगडांची चूल आणि सामान वाहायला एक घोडं. आज या शेतात, परवा पुढच्या. मनकर्णाबाईंचं सगळं आयुष्य अशा वाड्यात गेलेलं. योगिता कुठं जन्मली असं विचारलं तर त्या गावाचं नाव सांगत नाहीत, ज्याच्या शेतात वाडा होता त्या शेतकऱ्याचं सांगतात. अंगानं उंच, आवाज असा की तीन शेतं पलीकडची मेंढी मान वर करते. समोरच्याला टोमणा मारल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरूच होत नाही.

तर ॲप. ते कुठल्याशा लांबच्या शहरातल्या कंपनीनं केलं. उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि ॲपनं काय करायचं ते नंतर, असं बीडच्या कार्यालयात लोक उघड सांगतात. बैठका पुष्कळ झाल्या, एकीलाही मेंढपाळ नव्हता. मेंढपाळांची नोंद करायला माणसं पाठवायची होती, पण मुदत जवळ आली तसं पाठवणं राहिलं आणि फोनवरच उरकलं. फोनवरच्या माणसानं विचारलं, घर कसलं? त्याच्यापुढं झोपडी, कच्चं घर, पक्कं घर आणि वाडा एवढेच पर्याय. बाई खरं बोलल्या. त्यानं वाड्यावर बोट ठेवलं.

मुदत संपत आली तशा मनकर्णाबाई योगिताला घेऊन बीडला आल्या. मीही गेलो. कार्यालयात अर्जुनराव नावाचे कारकून होते. माणूस भला, पण कंटाळलेला.

"दुरुस्ती होत न्हाई असं न्हाई," ते म्हणाले. "पण वाडा काढायचा तर वाडा पाडल्याचा पंचनामा लागतो. फोटोसहित. मोठ्या लोकांनी वाडे लपवू नयेत म्हणून तशी सोय केली."

"अहो, यांचा वाडा म्हणजे जाळं आहे," मी आवाज चढवला.

"मला ठावं हाय सर. माझं आजोळ मेंढपाळाचंच. पण ॲपला सांगायचं कुणी? कंपनीचा करार संपला. फोन लावला तर बाई सांगती, आपला कॉल महत्त्वाचा आहे."

मी आणखी भांडणार होतो. पण मनकर्णाबाईंनी मला हातानं गप्प केलं.

"पाडायचाच हाय ना? मग या की. रोज पाडतो आमी."

अर्जुनराव इतके हसले की पलीकडच्या टेबलावरचे लोक उठून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच मोटारसायकलवर माजलगावकडं, तेव्हा वाडा होता त्या रानात हजर झाले. मी एक पंच, शेताचे मालक राधाकिशन दुसरे. अर्जुनरावांनी ॲप उघडलं आणि उभ्या वाड्याचा फोटो काढला. फोटोत अर्ध्याहून जास्त मेंढरंच आली.

"पाडायचं साधन कोणतं?" त्यांनी वाचून दाखवलं. "जेसीबी, मजूर का इतर?"

"हात हायती की," बाई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. नवरा सटवा मेंढरं घेऊन बांधावर गेला. बाईंनी खुंट्या उपटल्या, जाळं गुंडाळलं, पालाची घडी घातली. योगितानं भांडी पोत्यात भरली. अर्जुनरावांचा चहा निवायच्या आत वाडा घोड्यावर चढलेला होता. मोकळ्या रानाचा फोटो निघाला. पंचनाम्यात मी हौसेनं लिहिलं: सदर वाडा मालकिणीनं स्वतः पाडला, मलबा एका घोड्यावर मावला. राधाकिशननी सही करताना विचारलं, "माझ्या शेतात एवढा मोठा वाडा होता, मला कावून कुणी सांगितलं न्हाई?"

ॲपनं पंचनामा घेतला. एवढ्या लोकांची एवढी अक्कल ज्या यंत्रात गेली, त्याला आम्ही जाळं गुंडाळून फसवलं. खरं तर फसवलंही नाही, त्याला हवं होतं तेच दिलं. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

योगिताचं नाव यादीत लागलं. जूनमध्ये आम्ही तिला वसतिगृहात पोचवायला गेलो. अधीक्षक बबिताबाई पडद्यावर बघून वाचू लागल्या आणि अडखळल्या. वाडा गेला होता, त्याच्या जागी ॲपनं आपल्या मनानं एक शब्द घातला होता.

"बेघर?" त्यांनी हळूच विचारलं.

योगिताचा चेहरा पडला. मागं रांगेत तिच्याच वर्गात येणाऱ्या मुली उभ्या होत्या. मला त्या ॲपचा फार राग आला.

बबिताबाईही ओशाळल्या. "ते राहू द्या. पण सुटीत मुलीला नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवायचा नियम आहे. इथं पत्ताच नाही. दिवाळीला हिला कुठं पाठवायचं?"

"दिवाळीला वाडा कुठं आसंल, मलाबी ठावं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला होता. त्यांनी योगिताला जवळ ओढलं. "पण मी येते की. मी जिथं, तिथं हिचं घर. पत्ता म्हणून मलाच लिव्हा."

बबिताबाईंनी पडद्यावर शोधून बघितलं. तिथं तसा पर्याय नव्हता. मग त्यांनी कागदावरचा अर्ज पुढं ओढला आणि पत्त्याच्या ओळीत पेनानं लिहिलं: मनकर्णाबाई, आई. योगितानं ते वाकून वाचलं, मागच्या मुलींकडं एकदा बघितलं आणि आपली पेटी उचलून आत गेली.