नाव येईपर्यंतचं अंतर

कुसुमताईंचा फोन आला तेव्हा दुपारचा चहा व्हायचा होता. "अरविंदराव, हे गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठे? कुठल्या रस्त्यावर?" त्या म्हणाल्या, "रस्त्यावर नाही, घरीच. गॅलरीतल्या खुर्चीत. मी चहा घेऊन गेले तर पेपर मांडीवर तसाच होता." पुढे भेटायला जो जो आला त्याने आधी हाच प्रश्न विचारला. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून ज्या माणसाने सगळी नोकरी मोटारसायकलवर काढली, मालेगावपासून पेठ-हरसूलपर्यंतचे दवाखाने पालथे घातले, तो जाईल तर रस्त्यावरच, असं सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि हा गृहस्थ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अंगावर एक ओरखडा नसताना, चहाची वाट बघत गेला. प्रभाकररावांबद्दल मला आयुष्यभर जे वाटत आलं तेच त्या दिवशी अमरधाममध्येही वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

ते माझे साडू. ज्यांना साडू आहे त्यांना जास्त सांगायला नको. दोघी बहिणी, दोन जावई, आणि तराजू सासूबाईंच्या हातात! थोरल्या कुसुमताई प्रभाकररावांना दिलेल्या, धाकटी नंदा मला. सासरवाडी पिंपळगावला. दिवाळीला मी तासभर आधी पोचून ओट्यावर बसलेलो असायचो, पण स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "प्रभाकरराव आले का? मग पानं घ्या." ते यायचे सावकाश, हेल्मेट काढून केसांवरून कंगवा फिरवायचे, आणि घरात सण सुरू व्हायचा. निघताना तर हद्द व्हायची. कुसुमताई त्यांच्या मागे बसल्या की सासूबाई नुसता हात हलवायच्या. नंदा माझ्या मागे बसली की मात्र दारापासून फाटकापर्यंत चालत यायच्या आणि म्हणायच्या, "हळू हं. जपून हं. पोचल्यावर कळवा." एकाच घरातल्या दोन मुली, एकच हायवे, तेच कांद्याचे ट्रॅक्टर. काळजी तेवढी माझ्याच वाट्याला!

मी गाडी वाईट चालवत नव्हतो. मेनरोडला आमचा छापखाना, लग्नपत्रिकांचा. सीझनमध्ये पत्रिका पोचवत मी सगळं शहर गाडीवर पालथं घातलेलं आहे. पण ते चालवायचे तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं, यांना कसली घाईच नाही, आणि तरी ते वेळेवर पोचायचे. हे मला कधी जमलं नाही. एकदा भाताच्या कापणीच्या दिवसांत आम्ही दोन गाड्यांवर चौघे हरसूलच्या बाजाराला निघालो. दोघी बहिणींना नागली आणि उडीद आणायचे होते. त्र्यंबक सोडल्यावर वळणं सुरू झाली. ते पुढे, मी त्यांच्या मागच्या दिव्याला चिकटून. एका वळणापुढे शेतकऱ्यांनी भाताचा पेंढा रस्त्यावर पसरलेला होता. प्रभाकररावांनी आधीच वेग उतरवला, डावा पाय जरा बाहेर काढून मला खूण केली आणि ब्रेकला हात न लावता सरळ पेंढ्यावरून निघून गेले. मी खूण पाहिली, पण ती पाहून काही करायला माझ्याकडे जागाच नव्हती. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, नंदाने माझा शर्ट मुठीत धरला... पडलो नाही. का पडलो नाही ते मला आजही माहीत नाही.

पुढे चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने न विचारता त्यांच्या चहात आलं ठेचून घातलं आणि मला सांगितलं, "हे साहेब लय वर्षांपासून येतात. कधी घाई नाय, गडबड नाय." मी मनात म्हटलं, झालं, इथेही सासरवाडी आहेच. प्रभाकररावांनी अर्धा कप संपवला आणि शांतपणे विचारलं, "अरविंदराव, माझ्या इतकं जवळ का चालता?"

"मागे पडू नये म्हणून."

"पडा की मागे. मी कुठे पळून चाललोय?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगायला लागले की ते थांबत नसत. ट्रकच्या मागे कधी मधोमध चालू नये. ट्रक खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जातो आणि त्याच्या पोटाखालून तो खड्डा थेट तुमच्या पुढ्यात येतो. चालायचं ते त्याच्या चाकाच्या रेषेत, आणि लांबून. उसाच्या, कांद्याच्या ट्रॉलीला मागे दिवा असेल असं धरून चालू नये. वळणावर रस्ता काळा चकाकला तर ते पाणी नसतं, डिझेल असतं. शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतो तिथे पावसाळ्यात चिखल असणारच, तो दिसायच्या आधी मनात दिसला पाहिजे... हे सगळं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला ऐकवत नव्हतं. तेवढ्यात नंदाने विचारलं, "दाजी, पण गाडीवर तुम्ही ओठ हलवत काय म्हणत असता? मगाशी आम्ही शेजारी आलो तेव्हा दिसलं."

कुसुमताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "काही नाही गं. लग्नातला उखाणा म्हणतात."

लग्न लागल्यावर घरात शिरताना करवल्यांनी दार अडवलं तेव्हा त्यांनी तो घेतला होता, हे मला नंतर कळलं. "गोदेच्या काठी लावली पणती, उजळला सारा घाट, कुसुमचं नाव घेतो, सोडा आता वाट." पुढची गाडी एखाद्या झाडापाशी किंवा खांबापाशी पोचली की ते मनात सुरू करायचे. सुका रस्ता असेल तर 'कुसुमचं' म्हणेपर्यंत आपण त्या झाडाशी पोचता कामा नये. ओला असेल, धुकं असेल, मागे कोणी बसलेलं असेल तर 'वाट' म्हणेपर्यंत. त्याआधी झाड आलं तर आपण फार जवळ आहोत. "गडबडीत म्हणायचा नाही," ते म्हणाले, "चारचौघांत नाव घेताना जसा घेतो तसा घ्यायचा."

बायकोचं नाव इतक्या वेळा घेणारा माणूस माझ्या साडूच्याच जागी असायला हवा होता का? आमच्या छापखान्यात पत्रिकेसोबत वाटायला उखाण्यांची चिमुकली पुस्तकं छापायचो, गठ्ठेच्या गठ्ठे. आणि माझ्या स्वतःच्या लग्नात घास भरवताना मला एकही आठवला नव्हता. मी नुसतं "नंदा" म्हणून घास पुढे केला होता आणि मांडव हसला होता. हरसूलहून परत येताना ती मागून म्हणाली, "तुम्हीही म्हणा ना." मी म्हटलं, "मला पाठ नाही." ती म्हणाली, "तुमच्याकडेच तर छापतात."

मी हार मानणाऱ्यातला नाही. एकदा त्यांना गाठून म्हटलं, "तुमचं हे घाटात ठीक आहे. मुंबई नाक्यावर अंतर ठेवलं की त्या अंतरात रिक्षा घुसते. मग काय करायचं?"

"घुसू द्यायची. आपण मागे व्हायचं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचं."

"असं केलं तर माणूस घरी कधी पोचायचा?"

"पोचतो की. मी रोज पोचतो."

पण हे सगळं मी पचवलं असतं. केतकीचं पचलं नाही. केतकी आमची एकुलती एक. तिला मोटारसायकल शिकायची होती. पहिल्या दिवशी मी शिकवायला घेतलं. मी ओरडलो, ती चिडली, गाडी बंद पडली. दुसऱ्या रविवारी ती सकाळी हेल्मेट घेऊन निघाली. "कुठे?" "काकांकडे." प्रभाकररावांचा स्वतःचा मुलगा बंगळुरूला, त्याला गाडीत रस नव्हता. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर दर रविवारी शिकवणी सुरू झाली आणि आमच्या घरात प्रत्येक वाक्य "काका म्हणतात"ने सुरू व्हायला लागलं. काका म्हणतात, पुढचा ब्रेक घाबरून दाबायचा नाही. काका म्हणतात, खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, बघायचं ते मोकळ्या रस्त्याकडे. मी हेच तिला लहानपणी सायकल शिकवताना सांगितलं होतं. पण तेव्हा मी बाबा होतो, काका नव्हतो!

पुढे तिला बँकेत नोकरी लागली आणि नेमणूक पेठला झाली. मी म्हटलं, बसने जा. ती गाडीने जायला लागली. संध्याकाळी मी फाटकाशी उभा राहून झाडांना पाणी घालायचो. आमच्याकडे चार कुंड्या आणि एक जास्वंद. एवढ्याला इतका वेळ पाणी लागत नाही हे सगळ्या गल्लीला कळत होतं. ती वळणावर दिसली की मी नळ बंद करायचो.

एका पावसाळ्यात ती आली ती फाटकातच थांबली. गाडीवरून उतरली नाही, हेल्मेट काढलं आणि फोन लावला. मी समोर पाइप घेऊन उभा. "काका, आज कोटंबीच्या घाटात... धुकं होतं. पुढे टोमॅटोची पिकअप, मध्ये गुरं आली, त्याने करकचून दाबला, दोर तुटला आणि सगळे क्रेट रस्त्यावर. हो, थांबले ना! पुऱ्या उखाण्याचं अंतर होतं, ओला रस्ता होता ना. शेवटचा क्रेट माझ्या चाकापाशी येऊन थांबला. माझ्यामागचा एकजण घसरला टोमॅटोवरून, पण लागलं नाही त्याला..." माझ्या हातातला पाइप चपलेवर वाहत होता. जी मुलगी परत यावी म्हणून मी रोज चार कुंड्या बुडवतो, ती मरणाच्या दारातून आली आणि पहिला फोन त्यांना!

"मला नाही सांगावंसं वाटलं?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर उद्यापासून बस," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, "तुमच्यामुळे ती त्या घाटात जाते." त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "जाते ती नोकरीसाठी, अरविंदराव. परत येते ना, तेवढं माझं." भांडण तसंच राहिलं. आता तर भांडायलाही ते नाहीत.

काही दिवसांपूर्वी कुसुमताईंनी बोलावलं आणि प्रभाकररावांच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं केतकीसाठी. त्या म्हणाल्या, "तिच्याकडे तिची आहे. ही उभी राहून खराब होईल. तुम्ही रविवारी फेरी मारत जा. हे म्हणायचे, अरविंदरावांचा हात चांगला आहे, नुसती घाई नडते." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर एकदाही म्हटलं नव्हतं... मी किल्ली खिशात टाकली.

गेल्या रविवारी आम्ही पेठ रस्त्याला गेलो. केतकी तिच्या गाडीवर पुढे, मी त्यांच्या गाडीवर मागे, नंदा माझ्या मागे. चहाला थांबलो तेव्हा मी शेवटी विचारून टाकलं, "तूही मावशीचंच नाव घेतेस ना गाडीवर?"

"मावशीचं? मी कशाला घेऊ मावशीचं?" ती म्हणाली. "मी आधी तसंच म्हणत होते, तर काका रागावले. म्हणाले, ते नाव माझं आहे, तू तुझं शोध. मी म्हटलं, माझं कुठे लग्न झालंय? तर म्हणाले, घरी दारात उभं राहून जो तुझी वाट बघतो त्याचं नाव घ्यायचं." तिने बशीतला चहा संपवला. "बाबांचं नाव घेते, सोडा आता वाट. तेव्हापासून तेच आहे."

"उखाण्यात बापाचं नाव कोणी घेतं का?"

"मीपण हेच म्हटलं होतं काकांना. ते म्हणाले, तुझे बाबा पाणी घालत असतात ना, ते पाणी झाडांना नसतं."

मी हेल्मेट घातलं, कारण मला ते तेव्हा घालावंसं वाटलं. कोटंबीच्या घाटात, धुक्यात, त्या टोमॅटोच्या क्रेटांमागे माझी मुलगी माझं नाव म्हणत होती, आणि ते तिच्या तोंडी घातलं त्यांनी. एवढ्या वर्षांत मला एकदाही न सांगता! हेवा गेला असं मी लिहिणार नाही. उलट वाढला. मला जे सर्वांत मोठं मिळालं तेही त्यांच्याच हातून मिळावं, याचा हेवा कोणाला सांगणार?

परत निघालो. केतकी पुढे, तिचा पाठीवरचा पिवळा पट्टा दिसत होता. ती एका सागापाशी पोचली आणि माझे ओठ आपोआप हलले. गोदेच्या काठी लावली पणती, उजळला सारा घाट... साग अजून लांब होता. मी म्हटलं, "नंदाचं नाव घेतो." खांद्यावरचा हात जरा पुढे सरकला. "मोठ्यानं म्हणा," नंदा मागून ओरडली, "हेल्मेटातून ऐकू येत नाही." तेवढ्यात एक टेम्पो उजवीकडून आला आणि माझ्या नि केतकीच्या मधल्या अंतरात घुसला. मी मागे झालो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.