शांत स्वभावाचा मुलगा

माझं काम लोकांचे स्वभाव मोजण्याचं आहे. नागपुरात रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात मागच्या बाजूला खोली आहे, तिथे मी बसते. कंपन्या उमेदवार पाठवतात, डॉक्टर रुग्ण पाठवतात, आईबाप दहावी झालेली मुलं पाठवतात. मी प्रश्नावली देते, पेन्सिल देते, पंखा लावते आणि बाहेर जाऊन बसते. ‘मी सहज चिडतो’, ‘हातात घेतलेलं काम मी पुरं करतो’, ‘अनोळखी लोकांत मी गप्प असतो’ अशी विधानं असतात. ती आपल्याला किती लागू पडतात त्यावर खूण करायची. त्यातून माणूस काटेकोर किती, मिसळणारा किती, जुळवून घेणारा किती, घाबरट किती आणि नव्याला तयार किती, हे निघतं.

लोक खोटं लिहीत असतील, असं मला सगळेच सांगतात. लिहितात. ते धरायची सोयही असते. ‘मी कधीच कुणाबद्दल वाईट बोललेलो नाही’ यासमोर जो ‘अगदी बरोबर’वर खूण करतो, त्याची बाकीची उत्तरं जरा हात राखून वाचायची. अशी खूण करणाऱ्यांत लग्नाला आलेल्या मुली बऱ्याच असतात. त्यांना बोलून उपयोग नाही. हेच उत्तर त्यांच्याकडून घरी लहानपणापासून पाठ करून घेतलेलं असतं.

माझ्या भावाची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. त्याची मोठी मुलगी, माझी भाची, नागपुरात एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. रक्ताच्या तपासण्यांचा विभाग लवकरच तिच्या हातात येणार होता, आणि तिला दुसरं काही नको होतं. लग्नाचं निघालं तेव्हा तिने एकच अट घातली. नोकरी सोडणार नाही.

स्थळ नागपूरलगतच्या वाडीचं आलं. मुलगा तिथल्याच एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात हिशेब बघणारा. घरी विधवा आई, मोठा भाऊ आणि वहिनी. आमच्याकडे मुलाची चौकशी करायची एक पद्धत आहे. मुलीकडचा एक माणूस मुलाच्या गल्लीत जातो, किराणा दुकानात काडेपेटी घेतो, केशकर्तनालयात दाढी करून घेतो आणि बोलता बोलता विचारतो. पितो का? बाईचं काही? हात उचलणारा आहे का? भाऊ स्वतः गेला आणि गुळगुळीत दाढी करून माझ्या घरी आला.

“पोरगा निरा गाय आहे म्हणतात बाई. गल्लीत आवाज नाही त्याचा.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? तू दिवसभर लोकायचे स्वभाव मोजतं, मंग आपल्या पोरीसाठी एकाचा मोजाले काय होते?”

“ते त्यासाठी नसतं. आणि त्याला कोण म्हणणार, चल, परीक्षा दे?”

“मी म्हणतो ना!”

त्याने खरंच म्हटलं. मुलाने फोनवर सांगितलं, काही हरकत नाही. कोणताही मुलगा अशा वेळी जरा तरी फुरंगटतो, निदान मित्रांत चेष्टा होईल म्हणून तरी. हा शनिवारी दुपारी वेळेवर आला, चप्पल दाराबाहेर काढली, प्रश्नावली शांतपणे भरली आणि पेन्सिल होती तिथे परत ठेवली. निकाल घरच्यांना सांगितला तर चालेल का, असं मी विचारलं.

“सांगा ना. तुम्ही म्हणाल तसं.”

उत्तरं प्रामाणिक होती. काटेकोरपणा चांगला, घाबरटपणा बेताचा. आणि जुळवून घेण्याचा गुण इतका वर, की तसा मी क्वचितच पाहिला असेल.

भावाला आणि वहिनीला मी स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. “नीट ऐक. हा भांडणार नाही. ओरडणार नाही. पण हा हो म्हणणारा आहे. समोर जो असेल त्याला.”

“मंग अजून काय पायजे वं बाई? माझ्यासारखा तोंडाळ पायजे होता का तिले?” भाऊ हसला. वहिनीही हसली. “तुमच्या भावासोबत संसार करून पाहा,” ती मला म्हणाली, “मंग समजते हो म्हणणाऱ्याची किंमत.”

“तिच्या नोकरीचं काय होईल, याचा विचार करा.”

“त्याले विचारलं तिनं. ‘बरं’ म्हणाला.”

‘बरं’ म्हणाला होता हे खरंच. भाचीनेही मला तेच सांगितलं, आणि सांगताना ती आनंदात होती. सतत आवाज चढवणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलीला कुणी आवाज चढवत नाही एवढंच पुरेसं वाटतं. आमच्या चौकशीत विचारायचे प्रश्न सगळे काय करतो याचे असतात. काय करणार नाही, हे कुणी दाढी करताना विचारत नाही.

आमच्या विषयात एक जुना वाद आहे. एका बाजूचे म्हणतात, माणूस स्वभावाप्रमाणे वागतो. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, प्रसंग पडेल तसा वागतो, स्वभाव वगैरे आपण मागाहून चिकटवतो. मधला मार्ग असा, की स्वभावावरून एखाद्या दिवसाचं सांगता येत नाही, पण बऱ्याच दिवसांची गोळाबेरीज सांगता येते. हे मी उमेदवार पाठवणाऱ्या कंपन्यांना नेहमी समजावते. आमच्या जावयाच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. त्याचा स्वभावच असा, की खोलीत जो असेल तोच त्याचा प्रसंग.

लग्नानंतर काही महिने ठीक गेले. मग सासूने लॅबमधल्या संध्याकाळच्या पाळीचा विषय काढला. भाची नवऱ्याला म्हणायची, तुम्ही आईशी बोला. तो म्हणायचा, बोलतो. सासू त्याला म्हणायची, बायकोला समजाव. तो म्हणायचा, समजावतो. दोघी वाट बघत राहिल्या.

शेवटी भावाने मला सोबत घेतलं आणि आम्ही वाडीला गेलो. बाहेर ट्रक उलटे घेताना हॉर्न वाजत होते, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलत होते. एकटा जावई हळू बोलत होता. त्यानेच आम्हाला पाणी आणून दिलं.

“मी काय जबरदस्ती करून राहिली का?” सासू म्हणाली. “पण सून रात्री घरी येते, मंग पोळ्या कोण टाकते? मोठीनं एकटीनंच टाकायच्या का जन्मभर?”

“पोळ्याले बाई लावा,” भाऊ म्हणाला.

“बाईच्या हातच्या पोळ्या आमच्यात चालत नाही, भाऊ.”

मी जावयाला विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?”

“तुम्ही सगळे ठरवा. मला काहीही चालेल.”

“तुम्हाला काय चालेल ते नाही विचारलं. तुम्हाला काय वाटतं?”

त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग माझ्याकडे. मला वाटतं, त्याला आमच्या तिघींनाही खूश करायचं होतं आणि ते जमत नाही याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग तो म्हणाला, “तसं आता ते झालंच आहे.”

“काय झालं?”

“आई रोज म्हणून राहिली होती. मग मी काल लॅबमध्ये फोन करून दिला. हिला यापुढे जमणार नाही म्हणून.”

ट्रकचा हॉर्न वाजला आणि थांबला. भाची दोन दिवस सुट्टीवर होती, त्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं. भाऊ उठून उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आवाज चढवायला सुचलं नाही.

“आन् हिले विचारलं नाही? काहून गा?”

“विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती,” जावई म्हणाला. “मग आईला काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी मी भाचीसोबत लॅबमध्ये गेले. तिच्या जागी आधीपासून रांगेत असलेली मुलगी घेतली होती, आणि विभागही दुसऱ्याकडे गेला होता. तिथल्या बाई भाचीला म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, तुझंच ठरलं असेल. तुझे मिस्टर इतकं छान बोलले! आमचे आभार मानले त्यांनी.”

भाची आता माझ्याकडे राहते. तिला दुसऱ्या एका लहान लॅबमध्ये काम मिळालं आहे. तिथे ती नमुने गोळा करते आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. जे काम शिकाऊ असताना करत होती, तेच. ती एकदा म्हणाली, “आत्या, तो भांडला असता तर बरं झालं असतं. मलाही भांडता आलं असतं.” तुम्हीही इथे आत्याकडे राहायला येता का, असं तिने त्याला विचारलं होतं. तो बरं म्हणाला. त्याच दिवशी आई म्हणाली, तू जायचं नाही. तिलाही बरं म्हणाला.

मध्यंतरी भाऊ विचारत होता, “बाई, असा स्वभाव बदलते का वं?” मी सांगितलं, बदलतो, पण वर्षं लागतात, आणि कुठल्या दिशेने बदलेल ते मी सांगू शकत नाही. त्याला हे उत्तर आवडलं नाही. धाकट्या मुलीसाठी त्याने पुन्हा स्थळं बघायला सुरुवात केली आहे. पहिला प्रश्न तोच असतो, पोरगा शांत आहे ना?

जावई दर रविवारी येतो. येताना बायकोला आवडतात ती बोरं किंवा पेरू आणतो. मागच्या रविवारी त्याने आमच्या कूलरचा बंद पडलेला पंप उघडून साफ करून दिला, चहाचे कप विसळून पालथे घातले आणि संध्याकाळी आईकडे परत गेला. भाची आत वाटण वाटत होती, ती बाहेर आली नाही.

तो गेल्यावर शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. “किती गुणी जावई आहे वं तुमचा! एवढा शांत मुलगा पाह्यला नाही मी.”

मी म्हटलं, खरं आहे.