मेजर चहाला गेले की

मळीचा वास आला की साखर कारखान्यातला तो संगणक आठवतो. सगळ्या नेटवर्कवर तो ठरल्या वेळी नजर टाकायचा, पण मधल्या नोंदी गायब व्हायच्या, म्हणून मला बोलावलं होतं. शेवटी दोष केबलचाच धरून वजनकाट्यापर्यंतची केबल उकरायचं ठरलं, म्हणजे ऐन हंगामात उसाच्या ट्रॉल्या अडणार. तेवढ्यात तो संगणक सांभाळणारे, पलटणीतून निवृत्त झालेले मेजर लॉगआउट करून चहाला निघाले आणि माझ्या लॅपटॉपवर उमटणारी नोंदींची रेघ तुटली. "आवं मेजर, रोज असंच करता?" मी विचारलं. "व्हय, जागा सोडली की कुलूप!" म्हणजे नेटवर्कची तपासणी कुणी लॉगिन असतानाच चालत होती! लॉगआउटनंतरही ती चालू राहावी म्हणून मी तेवढी एक सेटिंग बदलली, मेजरांना पुन्हा चहाला धाडलं. रेघ अखंड धावली. "माझ्याबिगार पहारा चालतोय रं!" मेजर गरजले. कुदळी परत गेल्या. आजही कुठं नोंदी हरवल्या की मी केबलकडं बघतच नाही, आधी विचारतो, "इथून उठून कोण गेलं?"