रिकामी होडी

कोपरखैरण्याच्या नाक्यावर एक पेंटर गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचा. मी घरच्या कॉम्प्युटरवर होडीचा एक गेम बनवला होता, त्याच्या खोक्यावरचं चित्र मी त्यालाच काढायला सांगितलं. सवयीने त्याने पत्र्याचा तुकडा घेतला. दर पाच मिनिटांनी तो रस्ता ओलांडायचा, पलीकडून एक डोळा मिटून बघायचा आणि परत येऊन काहीतरी पुसायचा.

"दुकानात गिऱ्हाईक लांबनंच बघतं," तो म्हणायचा. "लय काय काय काढलं तर कायच दिसत नाय."

असं करत त्याने सूर्य पुसला, मग डोंगर. शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्याने होडीतला माणूसही पुसला.

"अहो, गेम त्याचाच आहे," मी म्हणालो. "तो तरी ठेवा."

"रिकामी होडी दिसली की कुनी पन थांबतो." तो फडक्याची घडी घालत राहिला. "आमच्या भावाची खाडीतनं तशीच परत आली, तवा अख्खा गाव थांबलेला."

चित्र मी तसंच छापून घेतलं. त्याच्या शेजारच्या दुकानात मी ते विकायला बसायचो, तेव्हा खोकं हातात घेणारा प्रत्येक जण विचारायचा, यातला माणूस कुठाय? "आत आहे," एवढंच मी सांगायचो. पेंटर ऐकण्याइतक्या जवळ बसलेला असला, तर तेही सांगायचो नाही.