शुक्रवारची पेशी

सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एक तरुणी तिच्या लॅबसाठी स्टीलचा रॅक करून घ्यायला आली. मी चढवून सांगितलेला भाव तिने निमूट मान्य केला, तर मलाच राग आला. घासाघीस नाही, काही नाही! रॅक न्यायला आली, तेव्हा त्याच्या प्रत्येक कडेवरून ती हलकेच बोट फिरवत होती.

"शुक्रवारी पेशी बघायच्यात, दादा."

"तुमचीही पेशी? माझीही शुक्रवारीच. सख्ख्या भावावर केस आहे."

ती हसली. "कोर्टाची नाही हो. शरीरातल्या पेशी. हाड बांधणाऱ्या पेशी चरबीच्या कशा होतात, ते मी बघते."

"मुळातच चरबीच्या असणार," मी तडकलो. "माझा भाऊ पहिल्यापासून तसाच."

"नाही, दादा. जनुकं तीच असतात. हाडाची गप्प होतात, चरबीची जागी होतात. पण आधी ती पेशी खरंच हाड बांधत होती."

रॅक घेऊन ती गेली, पुन्हा दिसली नाही.

शुक्रवारी कोर्टात भाऊ समोरच्या बाकावर होता. माझ्या शेजारी कोणीच नव्हतं. वर्कशॉपचा पहिला खांब मी वेल्ड केला, तेव्हा खांब धरून हाच उभा होता. ठिणग्यांचे डाग अजून त्याच्या मनगटावर आहेत.