दोघांचे सात प्रवास

प्रेमदास थूल यांनी तेहतीस वर्षं रेल्वेच्या डाक डब्यात पत्रं वेगळी केली. नागपूर ते भुसावळ आणि भुसावळ ते नागपूर. समोर लाकडी खणांची भिंत असायची. हातातल्या पाकिटावरचं गाव वाचायचं आणि पाकीट त्या त्या खणात टाकायचं, तेही उभ्यानं, डबा हलत असताना. द्वारकेला कुठून वळायचं, तंजावरची डाक कुठं उतरते, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाहिलं मात्र यातलं एकही गाव नव्हतं. १९९५ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा पत्नी कमला जाऊन वर्ष झालं होतं. मुलगी पौर्णिमा सावंगीला दवाखान्यात नर्स होती आणि तिकडंच राहायची. नाचणगावच्या दोन खोल्यांत प्रेमदास एकटे उरले.

मधुकरराव चिद्दरवार त्यांना वर्ध्याच्या आरक्षणाच्या रांगेत भेटले. वर्ध्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि ते नुकतंच त्यांनी मुलाच्या, नीलेशच्या हाती दिलं होतं. द्वारकेला जायचं म्हणून फॉर्म हातात घेऊन ते खिडकीवरच्या बाईला काहीबाही विचारत होते आणि ती वैतागली होती. मागून प्रेमदासांनी गाडी, बदलायचं स्टेशन, मधला वेळ, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तुमी गेलते का तिकडं?" मधुकररावांनी विचारलं.

"नाई. तिथली पत्रं पाठवली फक्त."

मधुकरराव हसले आणि म्हणाले, "मंग चला ना माह्यासंगं."

सत्त्याण्णवच्या जानेवारीत दोघं द्वारकेला जाऊन आले. पुढच्या आठ वर्षांत सांची, कन्याकुमारी, पुरी, दार्जिलिंग, बोधगया झालं. प्रवासाइतकीच गोडी त्यांना आधीच्या तयारीत होती. दर रविवारी मधुकरराव पॅसेंजरनं पुलगावला उतरून नाचणगावला यायचे. सतरंजीवर टाइमटेबल आणि शाळेचा जुना नकाशा पसरायचा. प्रेमदास थेट त्या त्या गावच्या पोस्टमास्तरांना कार्ड लिहायचे, 'आम्ही दोन वृद्ध येत आहोत, उतरायला स्वस्त व स्वच्छ जागा कोणती, थंडी किती?' आणि नवल म्हणजे निम्म्याहून जास्त पोस्टमास्तर उत्तर द्यायचे. पुरीच्या पोस्टमास्तरांनी तर स्टेशनवर माणूस पाठवला होता. दार्जिलिंगला तीन दिवस ढगांनी काही दिसू दिलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे दोघं कांबळं पांघरून उभे असताना अख्खा डोंगर उघडा पडला, तेव्हा मधुकररावांनी प्रेमदासांचा हात घट्ट धरला होता. बोधगयेला प्रेमदासांचे डोळे वाहू लागले, तर मधुकरराव बाजूला बसून राहिले.

या बैठका नाचणगावलाच का व्हायच्या, यालाही कारण होतं. पहिल्या प्रवासाआधी प्रेमदास एकदाच मधुकररावांच्या घरी गेले होते. सुमित्राबाईंनी, म्हणजे मधुकररावांच्या पत्नीनं, चहा आणला. घरच्यांना कपबशा, आणि प्रेमदासांना ओसरीच्या कोनाड्यातून काढलेला काचेचा ग्लास. मधुकररावांनी ते पाहिलं, मान खाली घातली आणि चहा संपवला. त्यानंतर तेच नाचणगावला येऊ लागले. प्रेमदासांनी रांधलेली वांग्याची भाजी आणि भाकर ते पोटभर खात, गाडीत दोघं एकाच डब्यात जेवत. पण त्या ग्लासाबद्दल मधुकरराव कधी एक शब्द बोलले नाहीत. प्रेमदासांनी बरीच वर्षं वाट पाहिली, मग सोडून दिली.

२००४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी मधुकरराव आलेच नाहीत. दुपारी प्रेमदास पुलगाव स्टेशनवर गेले, तिथून वर्ध्याकडची गाडी धरली, आणि दहेगावच्या फलाटावर त्यांना मधुकरराव बाकावर बसलेले दिसले. चपला काढून शेजारी नीट ठेवल्या होत्या.

"इथं काऊन उतरले?"

"झोप लागलती," मधुकरराव म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आपण कुठं जाऊन राह्यलो?"

प्रेमदास समजले. मग त्यांच्या लक्षात येऊ लागलं, की कन्याकुमारीची एकच गोष्ट मधुकरराव एका बैठकीत तीनदा सांगतात, आणि नकाशावर बोट ठेवून ते बोट तसंच विसरतात. घरी कोणाला हे कळलं होतं की नाही, कोण जाणे. नीलेश दिवसभर दुकानात असे. वडील गप्प असतात, वयानं होतं, असं तो म्हणे.

प्रेमदासांनी पौर्णिमाला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, त्यायच्या घरी सांगा. मोठ्या डॉक्टरले दाखवा." प्रेमदास हो म्हणाले. पण अमृतसरचं आरक्षण झालेलं होतं. घरी सांगितलं तर मधुकररावांना कोणी बाहेर पडू देणार नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय आपण कुठं जाणार नाही, हे प्रेमदासांना ठाऊक होतं. एकदा जाऊन येऊ, मग सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. काळजी म्हणून एका चिठ्ठीवर दोघांचे पत्ते आणि नीलेशचा फोन लिहून ती मधुकररावांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

२००५ च्या फेब्रुवारीत ते निघाले. अमृतसर चांगलं झालं. लंगरमध्ये मधुकररावांनी पोळ्या लाटणाऱ्या बायांमध्ये बसून पाच-सहा पोळ्या लाटल्या, सगळ्या वाकड्या, आणि लहान पोरासारखे हसले. इतके खूश ते वर्षभरात दिसले नव्हते.

परतताना दिल्लीच्या स्टेशनवर मधुकररावांच्या अंगावर चहा सांडला. प्रेमदासांनीच त्यांना दुसरा सदरा घातला आणि ओला सदरा घडी करून पिशवीत टाकला. चिठ्ठी त्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर प्रेमदासांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी घाटात होती आणि समोरचा बाक रिकामा. संडास पाहिला, पुढचे डबे पाहिले. शेजारची बाई म्हणाली, "वो अंकल तो इटारसी में पानी लेने उतरे थे."

बैतूलला उतरून प्रेमदास मिळेल त्या गाडीनं मागं आले. इटारसीचा एकेक फलाट पालथा घातला, चहावाल्यांना विचारलं, हमालांना विचारलं, पोलिसांत नोंद केली. मग बूथवरून वर्ध्याला फोन लावला. नीलेशनं आधी ऐकूनच घेतलं नाही, मग तो ओरडायला लागला. दुसऱ्या दिवशी तो आला. चार दिवस दोघं त्या शहरात बरोबर फिरले, पण नीलेश त्यांच्याशी कामापुरतंही बोलला नाही.

मधुकरराव अकराव्या दिवशी हरद्याच्या सरकारी दवाखान्यात सापडले. छातीत कफ दाटलेला, पायांना फोड, अंगावर कोणाची तरी चादर. त्यांनी नीलेशला ओळखलं नाही.

त्यांना घरी आणलं, त्या दिवशी प्रेमदास वर्ध्याला गेले. नीलेश दारातच उभा होता. "या लोकायच्या नादी लागले म्हणूनच झालं हे," तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. प्रेमदासांना राग आला, आणि त्या रागाचा त्यांना आधारही वाटला. उत्तर ओठावर आलं होतं. पण मागून सुमित्राबाई पुढं आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"भाऊ, तुमाले ठाऊक होतं?"

"हो वहिनी."

"मंग आमाले काऊन नाई सांगितलं?"

प्रेमदास पायऱ्या उतरून निघून आले. नीलेशचं बोलणं पुढं पुसट होत गेलं. सुमित्राबाईंचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण तो बरोबर होता.

मधुकरराव पावणेदोन वर्षं जगले. तेवढ्या काळात प्रेमदासांना त्यांची भेट मिळाली नाही. २००६ च्या दिवाळीनंतर ते गेले, हे प्रेमदासांना पेपरातल्या दोन ओळींवरून तिसऱ्या दिवशी कळलं.

वर्ष उलटल्यावर सुमित्राबाईंनी पौर्णिमाच्या दवाखान्यात निरोप ठेवला, भाऊंना एकदा पाठवजो. प्रेमदास गेले. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांनी प्रेमदासांना आतल्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "तुमी दोघं कुठं कुठं गेलते, ते सांगा मले. त्यायनं काईच सांगितलं नाई. आले की म्हणत, छान झालं, अन् झोपत."

प्रेमदासांनी द्वारकेपासून सुरुवात केली. दार्जिलिंगचा डोंगर सांगितला, पुरीचा समुद्र, अमृतसरच्या वाकड्या पोळ्या. सुमित्राबाई हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत होत्या.

"मी आर्वीची," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन इथं आली. चतुर्थीले केळझरच्या गणपतीले जाते. त्याच्यापुढं मी काई पाह्यलं नाई, भाऊ. मले तर एकदाबी कोणं विचारलं नाई, येतं का म्हणून."

आठ वर्षं दर रविवारी ते आणि मधुकरराव नकाशा पसरून बसले होते, आणि तिसऱ्या माणसाचं नाव दोघांपैकी एकाच्याही तोंडी आलं नव्हतं. प्रेमदासांना ते तिथं बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं.

"आता चाला वहिनी," ते कसंबसं म्हणाले. "पुरीले जाऊ. नीलेश, सूनबाई, सगळेच."

"आता गुडघे नाई चालत," सुमित्राबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी दिवा लावला.

पुढच्या उन्हाळ्यात पौर्णिमा वडिलांना सावंगीला घेऊन गेली. नाचणगावचं घर भाड्यानं दिलं. प्रेमदास सकाळी दवाखान्याच्या रस्त्यानं फिरून येत, दुपारी पेपर वाचत. कॉलनीतल्या कोणी कौतुकानं विचारलं, काका, तिरुपतीला कुठली गाडी बरी, तर ते म्हणत, "खिडकीवर विचारा, आता सगळं बदललं." बदललं नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.