कोबीला सुटलेलं पाणी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या शेजारच्या आजींचा हात मोडला, तर पहिली काळजी त्यांना कशाची वाटावी? कोबीची! त्यांचे पणजोबा जर्मनीहून मिशिगनला आले, तेव्हापासून चर्चच्या फॉलमधल्या, पानगळीच्या दिवसांतल्या जेवणाला सावरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, यांच्याच घरून जातो. "यंदा कॅन्सल करावं लागणार," त्या प्लास्टरमधला हात कुरवाळत म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. एकदा खंड पडला, की पुढच्या वर्षी सरळ दुकानातले डबे उघडले जातील, याची त्यांना धास्ती होती.

मला असलं काही बघवत नाही. "कॅन्सल कशाला? आम्ही घालतो की!" मी म्हटलं. मराठी बाई लोणच्याला घाबरते की काय! शिवाय सांगलीहून सासूबाई आलेल्या होत्या, आणि आपलं लोणचं वर्षभर टिकतं हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवतातच.

आजींची चिनी मातीची उंच बरणी आमच्या किचनमध्ये आली. सासूबाईंनी आणि मी कोबी चिरला, मीठ चोळलं, बरणीत दाबून भरला आणि मी लेकीला शाळेतून आणायला गेले. परत येते तर काय, सासूबाई सिंकपाशी बरणी तिरकी धरून उभ्या. सगळं पाणी ओतून झालेलं!

"अगं, केवढं पाणी सुटलं होतं! बुरशी आली असती," त्या ऐटीत म्हणाल्या.

कपाळ माझं! लोणच्याला ओला चमचा लागला तरी घर डोक्यावर घेणारी माणसं आपण. पण इथे त्या पाण्यावरच सगळी मदार. कोबी त्यात बुडालेला राहिला तर टिकतो, उघडा पडला की नासतो. मी आजींना बोलावून आणलं. त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या.

थोड्या वेळाने त्याच उठल्या. पाणी उकळायला लावलं, मीठ विरघळवलं, गार करून कोबी बुडेपर्यंत ओतायला सांगितलं. वर ताटली, ताटलीवर धुतलेला जड गोटा. "कोबी कोरडा निघाला तर आई असंच करायची," त्या म्हणाल्या. "बघू या जमतंय का."

बरणी बेसमेंटमध्ये ठेवली. लेक शाळेतून आली की आधी तिकडे पळायची. "Mom, it's bubbling!" असं खालून ओरडायची. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच, तिची तीच तऱ्हा.

आजी रोज बघायला यायच्या. एकदा म्हणाल्या, पहिल्या महायुद्धात लोक जर्मनांकडे संशयाने बघायला लागले, तेव्हा त्यांच्या आजीने बाहेर जर्मन बोलणं सोडलं. त्यांच्या आईला ते नुसतं समजायचं. "आणि मला फक्त हा कोबी येतो," त्या हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. किंडरगार्टन काय, ख्रिसमसचं झाड काय, ही माणसं घेऊन आली आणि सगळ्या अमेरिकेने आपलं म्हटलं. तरी घरातली भाषा गेली ती गेलीच. मग आमचं काय राहणार, या विचाराने मला भारी वाईट वाटलं.

जेवणाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही चौघी एकाच टेबलावर होतो. आजींच्या ओळखीचे एक थकलेले गृहस्थ ताटली घेऊन समोर बसले. त्यांनी घास घेतला आणि खाता खाता थांबले. आजींनी खुर्चीची कड घट्ट धरली. मग ते हळूच काहीतरी म्हणाले. आजींनी डोळ्यांना रुमाल लावला आणि मग त्याच हाताने सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"काय गं, काय म्हणाले? बिघडलंय का?" सासूबाई घाबरून मला विचारायला लागल्या. मी आजींच्या पाठीवरून हात फिरवत होते.

माझ्या लेकीने तिच्या आजीचा हात धरला. "आजी, ते म्हणाले, ही त्यांच्या आईच्या हातची चव आहे," ती म्हणाली. अख्खं वाक्य, स्वच्छ मराठीत.

"मग! हात कुणाचा आहे!" सासूबाई म्हणाल्या. ओतलेल्या पाण्याचं आम्ही कुणीच नाव काढलं नाही.